नकाशेकाकांची हरवलेली जाळी

"यंदा आपल्या गल्लीत पाणी तुंबणार नाही. माझ्या डाव्या हातचा मळ आहे!" गल्लीच्या बैठकीत नकाशेकाकांनी जाहीर केलं.

आता मंडळी, नगरपालिकेत तीस वर्षं गटारांचे नकाशे काढून निवृत्त झालेल्या माणसाला आडवं कोण जाणार? शहर का बुडतं यावर काकांनी पाऊण तास घेतला. अंगणभर फरशा घातल्यावर पाणी मुरणार कुठे? नाल्यात पिशव्या कोंबल्यावर वाहणार कुठून? "आणि जो तो म्हणतो, माझ्या एकट्यानं काय होतंय! तिथंच शहर बुडतं!" शेवटी त्यांनी एक तक्ता काढला. त्यात दोन कोरे रकाने होते, 'कारण' आणि 'उपाय'.

खरी गोष्ट वेगळीच होती. गेल्या पावसाळ्यात पाणी घरात शिरलं आणि काकूंच्या शिलाई मशीनची मोटर जळाली. "यंदा मशीनला पाणी लागलं, तर ते उचलून मी ताईकडे राहायला जाईन," एवढंच काकू म्हणाल्या. त्या मशीनच्या घरघरीशिवाय काकांना चाळीस वर्षांत दुपारची डुलकी लागली नव्हती.

रविवारी सकाळी काकांनी स्वतःच्या हातचा जुना नकाशा उलगडला. विजेच्या खांबापासून बावीस फुटांवर गल्लीचं पाणी पिणारी लोखंडी जाळी असायला हवी होती. ती कुठेच दिसत नव्हती. म्हणजे कुणीतरी बुजवली! काकांनी टेप लावला. बावीस फूट थेट दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या बागेत गेले.

"अहो काका, तिथं माझा गुलाब आहे!"

"गुलाब की गल्ली, डॉक्टर? तुम्हीच सांगा!"

डॉक्टरीणबाईंनी जड मनाने गुलाब मुळासकट काढून घेतला. काकांनी बोलावलेल्या प्लंबरने कुदळ उचलली.

"काका, खालून नळाची लाइन तर गेली नसेल ना?"

"नकाशा कुणी काढलाय? मी! हाण बिनधास्त!"

प्लंबरने हाणली. फुस्स्! कारंजं थेट पहिल्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरींपर्यंत गेलं. आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि गल्लीत घोटाभर पाणी! प्लंबर व्हॉल्व्ह बंद करायला धावला, डॉक्टरीणबाई गुलाब छातीशी धरून पायरीवर चढल्या आणि काका मात्र घराकडे पळत सुटले.

"अगं, मशीन! मशीन वर घे!"

"घेतलंय केव्हाच," काकू दारातून म्हणाल्या. "तुम्ही टेप काढलात तेव्हाच टेबलावर ठेवलं. आणि मोजलंत ते कुठल्या खांबापासून? रस्ता रुंद केला तेव्हा विजेवाल्यांनी तो पलीकडे नेला नव्हता का?"

काका थबकले. तेवढ्यात गुडगुड आवाज आला. गल्लीतलं सगळं पाणी वळून त्यांच्याच गेटासमोर येत होतं आणि सिमेंटच्या उताराच्या कडेला एका चिरेत, भोवरा करून, घोट घेत खाली जात होतं. हा उतार काकांनी स्कूटर चढवायला बांधला होता. स्कूटर विकूनही आठ वर्षं झाली होती.

"गवंडी सांगत होता ना, खाली जाळी आहे म्हणून," काकू हळूच म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, असू दे, एका जाळीनं काय होतंय!"

सगळी गल्ली काकांकडे बघत होती. काकांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि प्लंबरच्या हातातली कुदळ मागून घेतली. पहिला घाव त्यांनी स्वतः घातला. उताराखालून जाळी निघाली, अगदी धडधाकट. पाच मिनिटांत गल्लीतलं पाणी ओसरलं आणि प्लंबरने नळ जोडल्यावर गुलाबही जागेवर गेला.

दुपारी काका तक्ता घेऊन बसले. 'कारण' या रकान्यात लिहिलं, 'मी'. 'उपाय' या रकान्याशी मात्र पेन अडलं. बराच वेळ कोऱ्या जागेकडे बघता बघता, आतून मशीनची घरघर सुरू झाली आणि त्यांना डुलकी लागली.

जागे झाले तेव्हा रकाना भरलेला होता. काकूंच्या अक्षरात लिहिलं होतं, 'खोदण्याआधी बायकोला विचारणे.'