तुळशीराम शिंप्याचं माप

पाणी कमरेला लागलं तेव्हा इंदी म्हणाली, "कौशे, दप्तर डोक्यावर घे वं, पुस्तकं भिजतीन." मी दप्तर डोक्यावर घेतलं. त्याला माझा एक हात लागला. दुसऱ्या हातात इंदीचा हात होता. मग वरून गढूळ पाण्याचा दुसरा लोंढा आला, त्याच्यासोबत बाभळीचं अख्खं खोड आलं, आणि माझ्या हातात इंदीचा हात नव्हता. तिनं सोडला की मी, ते मला तेव्हा कळलं नाही. साठ वर्षांनी कळल्याचं ढोंग मी करणार नाही.

आमच्याकडं त्या दिवशी ऊन होतं. पाऊस वर डोंगरात झाला होता.

तो रस्ता आमच्यासाठी ज्यानं निवडला तो इंदीचा बाप, तुळशीराम शिंपी. लोक त्याला अर्धवट म्हणत. तसा तो होताही. त्याच्याबद्दल लिहायला दुसरं कोणी उरलं नाही, म्हणून मी लिहिते. माझं शिक्षण चौथी पास आणि वर पाचवीचे दोन महिने. तेवढ्यात जमेल ते.

होळी झाल्यावर तो आमच्या गावात आला. बैलगाडीत शिवणाचं मशीन, एक पेटी आणि इंदी. बायको तीन वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली होती. पायथ्याच्या ज्या वाडीत तो राहायचा तिथं शाळा चौथीपर्यंत. इंदी आदल्या वर्षी चौथी पास झाली तेव्हा तिथल्या मास्तरांनी त्याला सांगितलं, या पोरीला थांबवू नको. तुळशीरामनं ते गिऱ्हाईकानं कापड टाकून जावं तसं घेतलं. काम घेतलं म्हणजे पुरं करून द्यायचं.

"चौथी म्हंजे एका बाहीचा सदरा," असं तो सांगायचा. "असा सदरा तुमी घालसान काय? मंग?"

त्याला सातवीपर्यंतची शाळा हवी होती, आणि शाळा पाहून गाव ठरवायचं होतं. लोक जमीन पाहून गाव ठरवतात, सोयरे पाहून ठरवतात, विहिरीचं पाणी पाहून ठरवतात. शाळा पाहून बिऱ्हाड हलवणारा माणूस आमच्या भागात कोणी पाहिला नव्हता. जिल्हा परिषद नवीनच झाली होती. शाळांच्या पाट्या ताज्या रंगाच्या होत्या. तुळशीराम पाटीचा भरवसा धरत नव्हता. त्याला वाचताही येत नव्हतं.

तीन गावांत सातवीच्या शाळा होत्या. एक सडकेवरचं गाव, एक बाजाराचं, एक नाल्यापलीकडचं. नावं मी लिहीत नाही, तिथं अजून माणसं राहतात. तिन्ही शाळा त्यानं मापल्या. खरोखर मापल्या, गळ्यातल्या टेपनं. वर्गाची लांबी, खिडकीची उंची, छडीची जाडी. सडकेवरच्या शाळेत मास्तर धावत बाहेर आले.

"कोन तुमी? परिषदेचे काय?"

"नाई जी. शिंपी हाय."

"मंग भितीले टेप काऊन लावून राह्यले?"

"माही पोरगी बसन इथं. भित किती लांब हाय, पाह्यतो."

तरी मास्तरांचा संशय गेला नाही. त्यांनी त्याला चहा पाजला. त्यानं तो पिऊन घेतला आणि त्या शाळेला दोन रिकामी काजं दिली.

हे काजांचं समजून घ्या. लिहिता येत नसल्यामुळं तो प्रत्येक शाळेची एक कापडी पट्टी करायचा. जेवढे मास्तर तेवढी बटनं. मास्तरची जागा आहे पण मास्तर येतच नाही, तिथं नुसतं काज, बटन नाही. पोरी पुढच्या रांगेत बसत असतील तर वरच्या अंगाला एक हूक. पोरींना झाडायला लावत असतील तर हूक उपटून टाकलेला, दोऱ्याचे धागे तसेच.

ही माहिती तो मास्तरांना विचारत नसे. मधल्या सुटीत शाळेबाहेर निंबाखाली बसायचा आणि पोरांची तुटलेली बटनं फुकट लावून द्यायचा. सुई चालली की पोरं बोलतात. आणि बोलली नाहीत तरी त्याला कपडे वाचता येत. चड्डीला बुडावर ठिगळ असलं तर पोरगं वर्गात बसतं. ठिगळ नाही आणि खिसे चिंचोक्यांनी फाटलेले, तर शाळा भरतच नाही. एकदा एका पोराच्या दोन्ही बाह्या कोपरापासून फाटलेल्या दिसल्या. तुळशीराम त्याला म्हणाला, "मास्तर धरून ओढते काय बे?" पोरगं रडायलाच लागलं. ती बाजारगावची शाळा. तिची पट्टी त्यानं तिथंच गुंडाळली.

नाल्यापलीकडची शाळा मातीची होती, पण सगळी बटनं जागच्या जागी होती, आणि हूक होता. फक्त त्या गावात दोन शिंपी आधीच बसलेले. आपल्याच भावकीच्या दारासमोर तिसरं मशीन मांडायचं नाही अशी त्यांच्यात रीत. आमच्या गावात शिंपी नव्हता. आमचं घर गावातलं शेवटचं, तिथून नाला ओलांडला की ती शाळा. म्हणून तो आमच्या शेजारी आला.

येताच त्यानं रस्ता मापायला काढला. भर चैत्रात. टेप साठ इंची. एक टोक त्याच्याकडं, दुसरं माझ्याकडं, आणि इंदी मागून खडे टाकत मोजायची. गाव ओट्यांवर येऊन बसलं.

"तुळशीराम, रस्त्याले पायजमा शिवतं काय गा?"

"शिवतो ना. तुह्यावाल्यातलं उरलेलं कापड हाय."

गाव हसलं, कारण कापड उरवतो ही शिंप्यावरची जुनी तक्रार, आणि त्यानं ती स्वतःच अंगावर घेतली. माझ्यावर मात्र ओरडायचा. "ताण कौशे! ढिली नको सोडू!" नाल्यात तेव्हा वाळू होती आणि उन्हानं तापलेले गोटे. पाय पोळले म्हणून मी रडले. पात्र अकरा टेप भरलं. इंदीनं अकरा खडे टाकले.

मग तो माझ्या बापाकडं आला.

"कौशीले बी पाठवा. इंदीले सोबत होईन. रस्ता म्या सोता मापला, काई भेव नाई."

बाप म्हणाला, "पोट्टीले सातवी करून काय तहसीलदार करतं?"

माझी माय आतून म्हणाली, "इंदी जाते तं हेही जाईन. घरी राहून कोनते दिवे लावते?"

मला शिकायची हौस होती असं काही नाही. मी सोबत म्हणून गेले.

आता त्याची एक गोष्ट सांगायची राहिली, ती इथंच सांगते. नवं कापड तो भिजवल्याशिवाय बेतत नसे. मांजरपाट असो की लग्नाचं पातळ छीट, आधी बादलीत. लोक घाईनं यायचे, भांडायचे. नवरदेवाचा बाप एकदा दारात बसून राहिला, की लग्न परवा आणि तू कापड बादलीत घालून बसलास. तुळशीराम ढिम्म. "कोरं कापड खोटं बोलते जी," म्हणायचा. "पाण्यातून निंगालं का मंग खरं सांगते." त्यामुळं त्याचे कपडे कधी आटले नाहीत.

श्रावणात ते पाणी आलं. शाळा सुटून आम्ही घरी येत होतो. मला निरगुडीचं झुडूप हाताला लागलं. एका गुराख्यानं वेणी धरून काढलं मला. इंदी दुसऱ्या दिवशी दोन गावं खाली सापडली.

तुळशीराम रडला की नाही, मी पाहिलं नाही. मशीनचा आवाज चार दिवस आला नाही, एवढं आठवतं. पाचव्या दिवशी तो आमच्या दारात आला. गळ्यात टेप. माझा बाप ओसरीवर होता. तो उठून उभा राहिला. त्याला वाटलं असेल की हा माझ्यावर काही बोलणार. तुळशीरामनं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

"कौशे, उभी राह्य. पाणी कुठलोक आलं होतं?"

"आदुगर का मंग?"

"आदुगर. जवा तुमचे पाय जाग्यावर होते तवा."

मी हात लावून दाखवलं. त्यानं टेपचं टोक माझ्या टाचेखाली घातलं, टेप वर आणला, अंगठ्यानं जागा दाबली. साडेएकोणतीस इंच. कॉलरीला टोचलेली सुई काढली, लाल दोरा ओवला, आणि त्या खुणेवर टेपलाच गाठ मारली.

मी म्हटलं, "इंदी बी एवढीच होती."

"ठाऊक हाय मले," तो म्हणाला. "दोघीईचे परकर एकाच मापावर बेतले म्या."

जाताना माझ्या बापाला म्हणाला, "कापड म्या भिजवून मापतो भाऊ. रस्ता कोरडाच मापला."

बापानं माझं नाव शाळेतून काढलं. तुळशीरामनं त्याला एका शब्दानं विचारलं नाही. पण बापाला वाटायचं आता हा गाव सोडेल, ते झालं नाही. तुळशीराम तिथंच राहिला आणि शाळा मापत राहिला. फरक एवढाच की आता पावसाळ्यात जायचा. शाळेचं सोडून आधी नाला. काठी पाण्यात उभी करायची, काठीला टेप बांधलेला, आणि लाल दोरा पाण्याच्या वर राहतो की खाली जातो ते पाहायचं. घोंगडी पांघरून चिखलात तासन्‌तास उभा. कोणी म्हणालं, "आता कायले गा? तुही पोरगी तं गेली." तो म्हणाला, "गावात पोट्टी एकच असते काय?"

हळूहळू लोक विचारायला येऊ लागले. बदली होऊन आलेला ग्रामसेवक, एसटीचा कंडक्टर, कोणी कंपाउंडर. बिऱ्हाड कुठं करू? तो पट्ट्यांचं गाठोडं सोडायचा. पट्ट्यांना आता निळा टाका आला होता. निळा म्हणजे शाळेच्या वाटेत नाला. कंडक्टरची बायको अडून बसली.

"मले सडकेवरचंच गाव पाह्यजे. तिथं सिनेमाचा तंबू येते."

"बाई, तंबू चार दिवस राह्यते. नाला तिथंच राह्यते."

"तुमाले काय समजते सिनेमातलं!"

"काईच नाई. नाल्यातलं समजते."

ती बाई शेवटी नाल्याच्या शाळेकडच्या काठाला राहिली. जन्मभर त्याला शिव्या देत होती, असं ऐकलं. तिची तिन्ही पोरं शिकली.

माझं लग्न झालं. माझी थोरली चौथी पास झाली तेव्हा माझ्या नवऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये काम लागलं आणि दोन गावांत निवड करायची होती. नवरा म्हणाला, माझा भाऊ राहतो तिथं राहू. मी म्हटलं, आधी तुळशीरामकाकाला येऊ दे. नवरा चिडला. मी काही ऐकलं नाही.

तो भादव्यात आला. एका डोळ्यात मोतीबिंदू. मला पाहून फक्त म्हणाला, "पोरगी कुठी हाय?" तिला भिंतीला उभी केली, टाचेखाली टेप घातला. लाल दोरा कुठं येतो ते पाहिलं. मग माझ्या दिराच्या गावचा नाला पाहून आला आणि नुसती नाही म्हणून मान हलवली. दुसऱ्या गावच्या नाल्यात सकाळपासून उतरून होता. संध्याकाळी ओला होऊन आला, चूल जवळ केली.

"इथंच राह्य. पानी दोऱ्याच्या हातभर खाली हाय." थोडा वेळ शेकत बसला. मग म्हणाला, "पन तिले पोहनं शिकव."

मी पोरीला विहिरीत पोहायला घातलं. बायका हसल्या, सासूनं अबोला धरला. थोरली पुढं मास्तरीण झाली.

तो मेला तेव्हा मशीन पुतण्यानं नेलं. पट्ट्यांचं गाठोडं आणि टेप माझ्याकडं पाठवायला सांगून गेला होता. नाल्यापलीकडच्या शाळेची पट्टी त्यात आहे. सगळी बटनं आहेत, हूक आहे. शाळा चांगलीच होती. ते त्यानं कधी खोटं केलं नाही.

टेपवरचे आकडे पुसलेत. लाल दोरा आहे. काल उभी राहून लावून पाहिला, तो आता माझ्या मांडीशी येतो.

त्या दिवशी नाल्यात आम्ही दोघी होतो, एकाच मापाच्या. मी वाचले.