‘बस’ या शब्दाचा अधिकृत अर्थ

परंपरा ही माणसाच्या दोन पायांवर उभी असते, आणि पायांचं वय झालं की परंपरेचा प्रश्न गंभीर होतो. या प्रश्नात शिरण्याआधी बैठकसरांना त्यातून काय मिळणार होतं ते नीट मांडून घेतलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी त्यांच्यावर स्वार्थाचा आरोप करणार नाही.

पहिली गोष्ट, कराटे क्लासच्या हॉलची किल्ली. (हॉल हार्डवेअरच्या दुकानाच्या वर आहे. पायऱ्या बावीस, खिडकी एक, मॅट चाळीस. त्यांतल्या छत्तीस सपाट.) दुसरी, वार्षिक फोटोतली मधली खुर्ची, जिला हात आहेत. तिसरी, ब्लॅक बेल्टच्या प्रमाणपत्रावर डावीकडची सही. (उजवीकडे अध्यक्षांची असते, पण ती रबरी शिक्क्यानं उमटते, त्यामुळे तिला कुणी विचारत नाही.) चौथी, ‘परंपराप्रमुख’ हे पद. पाचवी गोष्ट लिहायला पदाच्या अर्जात रकाना नव्हता. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यापासून बैठकसरांना घरात ‘अहो, जरा बाजूला व्हा, फरशी ओली आहे’ या वाक्यानं ओळखत. हॉलमध्ये ते आत आले की चाळीस माणसं ताठ उभी राहत. पद दुसऱ्याकडे गेलं असतं तर त्यांच्या वाट्याला नुसती ओली फरशी उरली असती.

खांबसरांनाही नेमकं हेच मिळणार होतं. ते विमा कचेरीतून निवृत्त झाले होते आणि त्यांच्या घरी फरशी दोनदा पुसत, एवढाच फरक.

दोघंही कै. थोरल्या सरांचे पट्टशिष्य. पट्टशिष्य एकच असतो असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो या दोघांचाही होता. खांबसर क्लासमध्ये अकरा दिवस आधी आले. परंतु ते अकरा दिवस ते दारात उभं राहून नुसतं बघत होते, असं बैठकसरांचं म्हणणं. दारात उभं राहणं हा प्रवेश धरायचा की नाही, यावर दोन्ही बाजूंचा मिळून एकशे चाळीस पानांचा पत्रव्यवहार झाला. दोघं एकाच गल्लीत राहत असल्यामुळे पत्रं हातोहात पोचत. देणारा ‘सावकाश वाचा, घाई नाही’ म्हणे, आणि घेणारा ‘चहा घेणार का?’ असं विचारून दार लावून घेई.

खरा मतभेद मात्र एका शब्दाचा. थोरल्या सरांची विद्या म्हणजे ‘सोळा पवित्रे’: सोळा हालचालींचा एक सलग क्रम, हात, पाय, वळण, वार. बारा वर्षांपूर्वी थोरले सर क्लास सोडून मुलीकडे राहायला निघाले. शेवटच्या दिवशी त्यांनी या दोघांकडून सोळा पवित्रे करून घेतले. सोळावा पवित्रा पुरा झाला. सर खिडकीशी उभे होते. ते खणखणीत आवाजात म्हणाले, “बस!” आणि पिशवी उचलून निघून गेले. त्यानंतर त्यांनी हॉलमध्ये पाऊल ठेवलं नाही.

खांबसरांच्या मते ‘बस’ म्हणजे पुरे. सोळाव्या पवित्र्यानंतर माणसानं आहे तिथे ताठ उभं राहून दहा अंक मोजायचे. बैठकसरांच्या मते ‘बस’ म्हणजे खाली बस. सोळाव्यानंतर मांड्या जमिनीला समांतर येईपर्यंत खाली जायचं, तिथे दहा अंक मोजायचे आणि हात न टेकता उठायचं. यावर खांबसरांनी ‘बस: एक पूर्णविराम’ ही चौसष्ट पानी पुस्तिका काढली. उत्तरादाखल बैठकसरांनी ‘बस: एक आज्ञा’ ही सहासष्ट पानी पुस्तिका काढली. (शेवटची दोन पानं टिपणांसाठी कोरी आहेत.)

थोरले सर यानंतर तीन वर्षं मुलीकडे ठणठणीत होते. दोघंही दर वाढदिवसाला त्यांना फोन करत. तब्येत, हवा, जावई, सगळं विचारून होई. तो विषय मात्र कुणी काढला नाही. एवढ्या नाजूक प्रश्नात मूळ माणसाला मध्ये ओढणं बरं दिसलं नसतं.

क्लासचे दोन भाग झाले: उभी शाखा आणि बसती शाखा, विद्यार्थी प्रत्येकी दोनशे सहा. जिन्यात वाट बघणारे पालकही आपापल्या शाखेप्रमाणे उभे किंवा बसलेले असत, त्यामुळे नवीन माणसाला पत्ता सांगणं सोपं जाई. गणवेश शिवणाऱ्या शिंप्याच्या नोंदीप्रमाणे उभ्या शाखेत वर्षाला चार विजारी उसवत आणि बसत्या शाखेत एकशे एकोणीस. शिंप्यानं या वादावर कधीही जाहीर मत दिलं नाही. बैठकसर दिसले की तो खुर्ची मात्र पुढे करी.

आता एक गोष्ट केवळ नोंदीसाठी. गेली दोन वर्षं बैठकसरांचा डावा गुडघा दुमडत नव्हता. ते बसण्याचं शिक्षण खुर्चीवरून देत. आणि गेली दोन वर्षं खांबसरांना सलग पाच मिनिटं उभं राहिलं की कमरेत उसण भरे. ते उभं राहण्याचं शिक्षण भिंतीला टेकून देत. (भिंतीवर त्या जागी रंग गेला आहे. उभ्या शाखेचे विद्यार्थी जाता-येता तिथे आदरानं बघतात.) हे दोघांनी एकमेकांपासून लपवलं, आणि ते लपलंही असतं. पण गावात हाडांचा डॉक्टर एकच.

“काय सर, इकडे कुठे?” दवाखान्याच्या बाकावर खांबसरांनी विचारलं.

“शेजाऱ्यांचा रिपोर्ट न्यायचा होता. तुम्ही?”

“मीपण शेजाऱ्यांचाच.”

“चालायचंच. वय झालंय त्यांचं.”

“हो ना. सांगून ऐकत नाहीत.”

एवढ्यात आतून कंपाउंडर ओरडला, “गुडघावाले काका कोण आहेत? तुमच्यामागे कंबरवाले!”

दोघंही बराच वेळ समोरच्या भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता वाचत राहिले.

अशा परिस्थितीत परंपराप्रमुख नेमायचं ठरलं. त्यासाठी ‘परंपरा शुद्धता समिती’ नेमण्यात आली. सभासद तीन: अध्यक्ष (व्यवसायानं दातांचे डॉक्टर), पोहणं शिकवणारे एक गृहस्थ (ते चुकून आले होते, पण आल्यावर त्यांना सोडलं नाही) आणि वर उल्लेखिलेला शिंपी. समितीनं ठराव केला, की दोन्ही उमेदवारांनी येत्या रविवारी सर्वांसमक्ष सोळा पवित्रे करावेत आणि शेवटी आपापल्या अर्थाप्रमाणे ‘बस’ करून दाखवावं. ज्याचं शुद्ध, त्याला किल्ली. हॉल थोरल्या सरांच्या पत्नीच्या नावावर असल्यानं किल्ली त्यांच्या हस्ते द्यायची होती. त्यांना सगळे वहिनी म्हणतात. त्या सर वारल्यावर पुन्हा इथेच राहायला आल्या होत्या, पण त्यांना कशालाही बोलवायची ही पहिलीच वेळ.

शनिवारी बैठकसरांनी घरात खाली बसून पाहिलं.

“अहो, काय करताय?” आतून आवाज आला.

“पडलेलं बटण शोधतोय.”

“तास झाला. सापडलं की हाक मारा, उठवायला येते.”

रविवारी हॉलमध्ये तीनशे माणसं होती. खांबसर आधी. सोळा पवित्रे त्यांनी असे केले की बैठकसरांच्याही तोंडून ‘वा’ निघालं (त्यांनी ते खोकल्यात रूपांतरित केलं). सोळावा झाला. खांबसर ताठ उभे राहिले. अध्यक्ष अंक मोजू लागले. दातांच्या डॉक्टरांना माणूस ताटकळलेला बघायची सवय असल्यामुळे मोजणी संथ होती. “तीन... अजून थोडंच... चार... अगदी थोडंच...” सहाला खांबसरांच्या चेहऱ्यावर घाम दिसला. सातला ते शांतपणे, पाठ सरळ ठेवून, खाली बसले.

बसत्या शाखेनं टाळ्यांचा कडकडाट केला. प्रतिपक्षाच्या प्रमुखानं त्यांचा अर्थ जाहीररीत्या मान्य केला होता.

मग बैठकसर. तेही सुरेख झालं. सोळाव्यानंतर त्यांनी डोळे मिटले आणि बसले. गुडघ्यातून आलेला आवाज मागच्या रांगेत ऐकू गेला. दहा अंक झाले. बैठकसर खालीच. अकरा झाले. पंधरा झाले.

“सर, झालं. उठा,” अध्यक्ष म्हणाले.

“हो.”

चोवीसला अध्यक्ष थांबले. “उठताय ना?”

बैठकसरांनी एक हात जमिनीवर टेकवला, एकदा प्रयत्न केला, आणि म्हणाले, “बस.”

ते कोणत्या अर्थानं म्हणाले याबद्दल या वेळी दुमत नव्हतं. उभ्या शाखेनं हॉल डोक्यावर घेतला.

खांबसर जमिनीवरूनच सरकत सरकत जवळ गेले आणि त्यांनी हात पुढे केला. “या, मी धरतो.”

“तुम्ही स्वतः उठा आधी.”

“तुम्ही धरलंत तर उठेन ना!”

तेव्हा दोघं एकमेकांचा हात धरून तिथेच बसून राहिले. थोरल्या सरांच्या पश्चात दोन शाखांमधला हा पहिला जाहीर संपर्क.

वहिनी खुर्चीवरून उठून त्यांच्यापाशी आल्या. “भाऊजी, हे चाललंय काय? पत्रिकेत लिहिलंय ‘बस या शब्दाची परीक्षा’. कसली बस?”

अध्यक्षांनी त्यांना शेवटच्या दिवसाची हकीकत सांगितली: खिडकी, सोळावा पवित्रा, खणखणीत आवाज. वहिनी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “अहो, बस आली होती!”

“कोणत्या अर्थानं, वहिनी?” खांबसरांनी खालून विचारलं.

“कोणत्या अर्थानं काय? सात-दहाची. बसचा थांबा तेव्हा या खिडकीखालीच होता. मी सामान घेऊन खाली उभी. ह्यांना वरून बस दिसली, हे ओरडले, पिशवी घेऊन धावत खाली आले. तरी चुकलीच. पुढच्या बसपर्यंत मला म्हणत होते, ‘दोघं इतकं छान करत होते, शाबास म्हणायचं राहूनच गेलं.’”

बैठकसर मॅटच्या कडेचा धागा ओढत होते. खांबसरांनी चष्मा काढून पुसला, आणि मग बैठकसरांचाही पुसून दिला.

“शाबास म्हणाले?” बैठकसरांनी विचारलं.

“तसं म्हणायचं होतं त्यांना.”

“दोघांनाही?”

“दोघांनाही हो. नावं घेऊन.”

“आधी कुणाचं नाव घेतलं?” खांबसर म्हणाले.

सभेच्या इतिवृत्तात यासंबंधी पुढील नोंद आहे: ‘मा. वहिनींनी सार्वजनिक वाहतुकीविषयी उपयुक्त माहिती दिली. त्यांचे आभार मानण्यात आले.’ ही नोंद एकमतानं मंजूर झाली. सूचक खांबसर, अनुमोदक बैठकसर.

समितीचा निर्णय असा: दोन्ही उमेदवार स्वतःच्या अर्थाप्रमाणे नापास झाले असले, तरी दुसऱ्याच्या अर्थाप्रमाणे उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले आहेत. सबब पद दोघांना, आलटून पालटून रविवारी. किल्लीची नक्कल करावी. मधल्या खुर्चीच्या जागी बाक ठेवावा.

तीन आठवड्यांनी, अधिक चिंतनानंतर (आणि हाडांच्या डॉक्टरांच्या लेखी सल्ल्यानंतर), बैठकसरांना ‘बस’ म्हणजे पुरे असा अर्थ उमगला. त्याच आठवड्यात खांबसरांना ‘बस’ म्हणजे खाली बस असं दिसून आलं. दोघांच्या नव्या पुस्तिका एकाच छापखान्यातून एकाच दिवशी निघाल्या. बांधणीत मुखपृष्ठांची अदलाबदल झाली, ती महिनाभर कुणाच्या लक्षात आली नाही. वाद पूर्ववत सुरू आहे, दोघांच्याही प्रकृतीला मानवतो आहे, आणि बैठकसर एका आड एक रविवारी आत आले की चाळीस माणसं ताठ उभी राहतात.

आधीचे बेल्ट चुकीच्या अर्थानं दिले गेल्यामुळे ते रद्द ठरले. चारशे बारा विद्यार्थ्यांची पिवळ्यापासून फेरपरीक्षा लागली.

तेव्हा याची किंमत कुणी मोजली? खांबसरांनी एक मणका, बैठकसरांनी एक गुडघा. वहिनींचा एक रविवार. मुलांचं काहीच गेलं नाही. त्या वयात कुठूनही उठता येतं. बाकी सगळं पालकांकडून: वर्षभरातल्या सगळ्या रविवारच्या सकाळी, जिन्यात घालवलेल्या. त्यांना कुणी अंधारात ठेवलं असंही नाही. वहिनींनी त्या दिवशी उतरताना पायरीपायरीवर थांबून प्रत्येकाला सात-दहाच्या बसचं सांगितलं. पालकांनी ते समजूतदारपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण बेल्ट मिळेल ना?”

तुम्ही हसलात, याची नोंद घेतली आहे. आता मान वर करून तुमच्या भिंतीवरच्या चौकटी बघा: पदवी, विशारद, पदविका, जे काही असेल ते. सही कुणाची आहे, त्यांनी काय शिकवलं, आणि त्यातलं तुम्हाला आज काय करून दाखवता येईल, हे तुम्हाला माहीत आहे. खिळा अजून मजबूत आहे आणि चौकट तुम्ही काढणार नाही. तेवढं त्या किमतीत तुमच्या नावावर धरलं, की बेरीज जुळते.