कुणकेश्वराच्या एकशे चौदा होड्या

आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये काही नवीन आलं, की जगूअण्णा तांडेल खुर्चीवरून उठत, चष्मा काढून खिशात ठेवत आणि हात जोडून देवाला गाऱ्हाणं घालत. हार नाही, उदबत्ती नाही, नुसतं गाऱ्हाणं. तेही पडद्याकडे तोंड करून, खड्या आवाजात.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या कागदात नवो रकानो इलो हा. तेका सांभाळून घे म्हाराजा. लाईन जाव नये, आकडो हलाक नये, आणि मुंबैवाल्यांची बुद्धी जाग्यार रवांदे म्हाराजा!"

यावर उरलेल्या दोघांनी, म्हणजे मी आणि सुनंदा केरकर हिने, "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. आवाज बारीक निघाला, तर अण्णा पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. दीड वर्षात अशी तेवीस गाऱ्हाणी झाली. मी मोजली आहेत. मला मोजायची सवय आहे आणि आमच्या ऑफिसात मोजण्याचंच काम होतं.

आमचा संघ मच्छीमार सोसायट्यांचा. मालवणच्या ऑफिसकडे चौदा सोसायट्या होत्या. प्रत्येकीने रोज सकाळी तीन आकडे कळवायचे: किती होड्या गेल्या, बांगड्याच्या किती टोपल्या आल्या, बर्फाच्या किती लाद्या लागतील. बर्फ याच आकड्यांवरून सुटायचा. आकडा चुकला, तर कुठे मासळी खराब व्हायची आणि कुठे बर्फाचं पाणी व्हायचं. पूर्वी हे सगळं फोनवर चाले. अण्णा तेरा सोसायट्यांचे आकडे घेत. चौदावी कुणकेश्वरची, तिचा फोन मी घेई. कारण कुणकेश्वरच्या सोसायटीचा सेक्रेटरी वसंत तांडेल, म्हणजे अण्णांचा सख्खा धाकटा भाऊ, आणि दोघांचा सात वर्षांचा अबोला.

अबोल्याचं कारण सांगायला मला संकोच वाटतो, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वसंताच्या मुलीचं लग्न झालं. पाच परतावण, म्हणजे नव्या जोडप्याची माहेरची फेरी, झाल्यावर जावयाला माशांचं जेवण झालं. त्या पंगतीत सुरमईचं डोकं जावयाच्या पानात पडलं. तांडेलांच्या घरात ते घरातल्या मोठ्याच्या पानात पडायचं, म्हणजे अण्णांच्या. अण्णांनी शेपटीकडचे दोन तुकडे मुकाट्याने खाल्ले, हात धुतले आणि सोलकढीला न थांबता मालवणची एस्टी पकडली. त्यानंतर दोघे बोलले नाहीत. अण्णांची बायको पुढे वारली, तेव्हा वसंत बाराव्याला येऊन अंगणातूनच परत गेला. मूलबाळ नसलेले अण्णा तेव्हापासून धुरीवाड्यातल्या दोन खोल्यांत एकटेच असत.

अशात मुंबईच्या ऑफिसने तो कागद आणला. कागद म्हणजे पडद्यावरचा तक्ता, पण सगळ्यांचा मिळून एकच. मालवणात उघडा, तोंडवलीत उघडा, मुंबईत उघडा, कागद तोच. शिकवायला आलेल्या मॅडम म्हणाल्या, "आता कुणी कुणाला पाठवायचं नाही. सगळ्यांनी एकाच वेळी लिहायचं." अण्णा मला हळूच म्हणाले, "एका पानात चौदा जण जेवतले? उष्टा नाय होणा?"

पहिल्या दिवशी दहा वाजता आम्ही तिघे पडद्यासमोर बसलो. कोऱ्या तक्त्यावर एक जांभळा चौकोन उमटला. त्याच्यावर बाण नेला, तर तोंडवलीच्या सेक्रेटरीचं नाव. चौकोन सरकत बांगड्याच्या रकान्यात गेला आणि तिथे आपोआप चाळीस हा आकडा उमटला. हात दिसत नव्हता, माणूस दिसत नव्हता. मग निळा चौकोन आला, मग पिवळा. दहा मिनिटांत निरनिराळ्या बंदरांवरची माणसं एका कागदावर आपापल्या रेघेत येऊन बसली आणि आकडे भरू लागली. मी पंचवीस वर्षं आकड्यांत काढली आहेत, पण आकडे जन्माला येताना मी पहिल्यांदाच पाहिले. माझ्या अंगावर काटा आला हे मी लिहून ठेवतो.

"माणूस खंय, बोट खंय!" अण्णा माझ्या कानाशी पुटपुटले. "परबा, ह्या कायतरी येगळाच आसा रे."

त्यानंतर अण्णा त्या कागदाचे भक्त झाले. खोडलेलं जुनंही कागदाच्या पोटात राहतं, हे कळल्यावर ते दिवसभर येईल त्याला सांगत होते, "खोडल्यान, पण पुसल्यान नाय! ह्येका म्हणतत रीत." रीत हा त्यांचा मोठा शब्द. ज्याला रीत नाही तो माणूस असो की भाऊ, त्यांच्या लेखी संपला. कॉम्प्युटरला मात्र रीत होती. प्रत्येकाला त्याने आपापली रेघ नेमून दिली होती.

नावापुढे आपण जागेवर आहोत की नाही ते लिहायची सोय आली, तेव्हा घोटाळा झाला. अण्णा संध्याकाळी घरी जाताना तिथे 'येतंय' असं लिहीत. आमच्याकडे घरातून निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही. मुंबईच्या मॅडम एकदा साडेपाचपासून सातपर्यंत 'येतंय'वर विश्वास ठेवून बसून राहिल्या. सकाळी फोन आला, "तांडेल, तुम्ही गेला होतात तर 'गेलो' असं लिहा ना!"

अण्णा हादरले. "गेलो म्हणान लिहू? माझ्याच हातान? मॅडम, मी अजून आसंय!"

आता मुख्य गोष्ट. कागदावर अण्णांचा चौकोन हिरवा होता आणि वसंताचा नारिंगी. पहिले काही दिवस नारिंगी दिसला, की हिरवा तीन रकाने लांब पळे. "इलो! शेजारी येवन बसलो!" असं म्हणून अण्णा खुर्चीसुद्धा मागे घेत. जणू वसंत बाकावरच येऊन बसला होता. पण वसंत दिसतो आहे म्हणून कागद बंद केला, असं एकदाही झालं नाही.

एका सकाळी वसंताने एकोणीस होड्यांच्या जागी एक्याण्णव लिहिलं. कुणकेश्वरला मुळात होड्याच बावीस. अण्णांनी ते पाहिलं. फोन करणं शक्य नव्हतं, कारण अबोला. शेरा लिहिणं शक्य नव्हतं, कारण तेही बोलणंच. आकडा स्वतः दुरुस्त करणं शक्य नव्हतं, कारण दुसऱ्याच्या रेघेत हात घालणं रीत नव्हे. मग त्यांनी आपला हिरवा चौकोन हळूहळू सरकवत नेला आणि त्या एक्याण्णवावर ठेवला. नुसता ठेवला. दोन मिनिटं गेली. तिकडून नारिंगी चौकोन आला आणि हिरव्यावरच थांबला. क्षणभर एकाच घरात दोन रंग दिसले. मग एक्याण्णव गेले, एकोणीस आले. हिरवा आपल्या जागी परतला.

"बघितलंस?" अण्णा मला म्हणाले. "एक शब्द नाय बोललंय."

महिनाअखेरीस मी चुकांचा हिशेब काढतो. मला कुणी सांगितलेलं नाही, पण काढतो. फोनच्या काळात कुणकेश्वरच्या वर्षभरात दोन चुका असत. वसंत तांडेल आकड्यांचा पक्का माणूस. कागद आल्यावर मात्र पहिल्या महिन्यात चार, दुसऱ्यात नऊ, तिसऱ्यात सतरा. बाकी तेरा सोसायट्यांच्या मिळून सहा. मी जुन्या नोंदी उघडून पाहिल्या. प्रत्येक चूक दहा वाजून पाच मिनिटांच्या आसपास झालेली आणि पाच मिनिटांच्या आत वसंतानेच दुरुस्त केलेली. हिरव्या चौकोनाची नोंद कुठेच नव्हती. कोण नुसतं जवळ येऊन बसलं, हे तो कागद लिहून ठेवत नाही.

मी वसंताला निष्काळजीपणाबद्दल पत्र लिहायला घेतलं. घरी जेवताना बायकोला ते आकडे सांगितले. ती बांगड्याचा काटा काढता काढता म्हणाली, "अवो, तो कितीदा चुकलो ता मोजतास. कित्याक चुकता, ता बघा."

"कित्याक?"

"इतकी वर्सां भावाशी बोलाक गावाक नाय तेका. दुसरा काय करतलो?"

पत्र मी फाडलं. पण दुसऱ्याच आठवड्यात मुंबईहून नवी सोय आली. आता प्रत्येक घराला हद्द घालता येणार होती. कुणकेश्वरला होड्या बावीस, तर तेवीस हा आकडा कागद घेणारच नाही, लाल होऊन परत करील. टोपल्यांचं आणि लाद्यांचंही तसंच, होड्यांच्या हिशेबात. हद्दी घालायचं काम माझ्याकडे आलं.

त्या दिवशी गाऱ्हाणं झालं नाही. सुनंदा तोंड उघडून तयार होती. अण्णा बसूनच राहिले.

"माणसाक चुकाक पण देवचो नाय ह्यो?" ते म्हणाले.

"अण्णा, चुका बंद व्हाव्यात म्हणूनच तर आहे हे."

"ता खरा," ते म्हणाले. "पण सगळ्यांकाच कित्याक? जो चुकता तो सुधारता मगे. माझो आपलो एक विचार."

एवढंच. माझ्याकडे त्यांनी काही मागितलं नाही. मागितलं असतं, तर काय केलं असतं मला ठाऊक नाही. एका सोसायटीला एक नियम आणि दुसरीला दुसरा, हे माझ्या हातून होत नाही, आणि बर्फ त्याच आकड्यांवर सुटत होता. शनिवारी मी चौदाही ओळींना हद्द घातली. घरी जाताना माझा पाय जड होता, हेही लिहून ठेवतो.

सोमवारी कुणकेश्वरची चूक शून्य. मंगळवारी शून्य. नारिंगी चौकोन दहाला येई, तीन आकडे टाकी आणि दोन मिनिटांत नाहीसा होई. हिरवा त्या ओळीच्या आसपास फिरत राही. कुठे थांबायला काहीच कारण नव्हतं. बुधवार, गुरुवार तसेच. अण्णा चहा अर्धा टाकू लागले.

शुक्रवारी नारिंगी आलाच नाही. दहा वाजले, अकरा वाजले. तेरा ओळी भरलेल्या, चौदावी कोरी.

"लाईन गेली काय बघ गो, सुनंदा."

"लाईन आसा, अण्णानू."

"मगे परत उघड. कागद शिळो झालो आसात."

तिने चार वेळा परत उघडला. अण्णांचा हात फोनवर गेला, तिथेच थोडा वेळ राहिला आणि परत आला. "परबा, तू कर फोन," असं ते म्हणणार, तेवढ्यात दारात चप्पल वाजली. हातात एक घडी घातलेला कागद आणि खांद्यावर ओला पंचा घेऊन वसंत तांडेल उभा होता. कुणकेश्वरहून मालवण म्हणजे एस्टी दोनदा बदलून अडीच तास. तो अण्णांकडे न बघता सरळ माझ्या टेबलाशी आला.

"परबानू, तुमचो कागद माझो आकडो घेना नाय."

"कोणता आकडा घालताय?"

"एकशे चौदा होडये."

"अहो वसंतराव, कुणकेश्वरला होड्या बावीस आहेत."

"ता माका म्हायत आसा," वसंत म्हणाला.

सुनंदा पदर तोंडाला लावून खाली बघू लागली. अण्णा पडद्यावरून नजर न काढता मला म्हणाले, "परबा, तेंका सांग, बसा म्हणान."

"परबानू, तेंका सांगा, अडीच तास बसानच इलंय."

"तेंका इचार, जेवण झाला काय."

"तेंका सांगा, घरातसून निघालंय तेव्हा सकाळचे साडेआठ होते. साडेआठाक कोण जेवता?"

मी एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवत होतो. दोघे एकमेकांपासून पाच फुटांवर होते आणि प्रत्येक शब्द माझ्या टेबलावरून जात होता. मग माझ्या लक्षात आलं, की मी तिथे आहे म्हणूनच त्यांचं चाललं आहे, आणि मी तिथे आहे तोवर ते असंच चालणार. मी सुनंदाला खूण केली. "चहा सांगून येतो," म्हणालो आणि आम्ही दोघं बाहेर व्हरांड्यात आलो. दार ओढून घेतलं.

आत काही आवाज नव्हता. मी घड्याळाकडे पाहिलं. एक मिनिट. दोन. समोरच्या जाळीवर कुणीतरी सुकट उलटत होतं. तीन. सुनंदा माझ्याकडे बघत होती. चौथं मिनिट संपत आलं, तेव्हा खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि मग अण्णांचा, गाऱ्हाण्याच्या वेळच्या खड्या आवाजासारखा मुळीच नाही असा आवाज आला.

"वसंता, बारीक झालंस रे."

पुढचं ऐकायला आम्ही थांबलो नाही.

कुणकेश्वरचे त्या दिवसाचे आकडे मी दुपारी दोनला वसंताच्या कागदावरून भरले. होड्या अठरा, टोपल्या सत्तावीस, लाद्या तीस. सगळे बरोबर होते, तो ते घरून नीट लिहून घेऊन आला होता. उशिरा भरलं, तर शेजारच्या रकान्यात कारण लिहावं लागतं. मी खूप वेळ विचार केला आणि तो रकाना कोरा ठेवला. नोकरीत तेवढा एकच.