परवानगी नको, बाई!

सोमवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी एक पाटी उगवली. पांढऱ्या पत्र्यावर वळणदार निळ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'खाजगी रस्ता. सायकलस्वारांनी परवानगी घेऊन जावे.' पाटीशेजारी गुलाबांचा वाफा होता, वाफ्याशेजारी लोखंडी बाक होतं आणि बाकावर निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या. सगळं गाव त्यांना मोठ्या बाई म्हणे. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलं होतं आणि उरलेलं निम्मं त्यांच्या शाळेत प्रवेश न मिळाल्यामुळे वाचलं होतं.

घड्याळजी सायकलवरून उतरले. घरापासून घड्याळदुरुस्तीच्या दुकानापर्यंतचा त्यांचा प्रवास या गल्लीतून सात मिनिटांचा होता. गल्ली टाळायची तर टेकडीवरून जायचं, म्हणजे पस्तीस मिनिटं आणि एक सणसणीत चढ. चढाबद्दल त्यांच्या गुडघ्यांचं काय मत आहे, ते डॉक्टरांनी लेखी दिलेलं होतं.

"बाई, मी रोज इथूनच जातो."

"ठाऊक आहे. जा."

"थँक्यू, बाई."

विषय संपला. घड्याळजींनी दुकान उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि दुपारपर्यंत ती पाटी विसरूनही गेले. संध्याकाळी घरी चहा पिताना त्यांनी ही गोष्ट सहज सांगितली, ही मात्र चूक झाली. कारण चहाला मेहुणा आलेला होता आणि मेहुणा वकील होता.

"जा म्हणाल्या?" वकिलाने कप खाली ठेवला. "आणि तुम्ही गेलात?"

"मग काय घरी परत येऊ?"

"घात केलात, भावोजी! दुकान कधी उघडलंत तुम्ही?"

"येत्या शुक्रवारी वीस वर्षं होतील. सकाळी आठ वाजून त्रेपन्न मिनिटांनी."

"बघा! एखाद्या वाटेने वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा आणि विनापरवानगी गेलं, की त्या वाटेवर आपला हक्क बसतो. मग कुणाच्या बापाला अडवता येत नाही. चार दिवस राहिले होते, चार! आणि तुम्ही परवानगी घेऊन मोकळे झालात. वर थँक्यू म्हणालात?"

"म्हणालो."

"ते थँक्यू कोर्टात फार वाईट दिसेल."

"अरे, पण बाई जाऊ देतायत ना?" घड्याळजींची बायको म्हणाली. "मग त्या हक्काचं काय लोणचं घालायचंय?"

"ताई, आज बाई आहेत. उद्या गल्ली विकली, नव्या मालकाने फाटक लावून कुलूप घातलं, तर भावोजींचे गुडघे काय करतील?"

घड्याळजींनी गुडघ्यांकडे पाहिलं. दोन्ही गप्प होते, पण चिंतेत दिसत होते.

"आजचं 'जा' तुम्ही ऐकलंच नाही, असं आपण म्हणू," वकील म्हणाला. "आता शुक्रवारपर्यंत एकच पथ्य. बाईंनी तुम्हाला अडवता कामा नये, आणि जाऊ देताही कामा नये."

"मग त्यांनी करायचं काय?"

"नाराज व्हायचं. नुसतं नाराज."

मंगळवारी घड्याळजी दोन्ही कानांत कापूस घालून निघाले. बाईंचे ओठ हललेले त्यांना दिसले, ऐकू काहीच आलं नाही. संध्याकाळी ते विजयी मुद्रेने घरी परतले, पण उलटतपासणी टळली नाही.

"ओठ हलले म्हणता. हातही हलला?"

"हलला की."

"कसा? असा, की असा?"

घड्याळजींनी थोडा विचार केला. "दुसरा."

"म्हणजे 'जा' असाच. भावोजी, हाताला कापूस चालत नाही."

म्हणून बुधवारी त्यांनी डोळे मिटले. वीस वर्षांची पायाखालची वाट, डोळे मिटूनही जाता येईल, अशी त्यांना खात्री होती. खात्री बाकापर्यंत टिकली. तिथून सायकल डावीकडे गेली, घड्याळजी तिच्या पाठोपाठ गेले आणि वाफ्यातले तीन गुलाब आडवे झाले. काटे जागोजागी टोचत होते, तरी मातीत पडल्या पडल्या घड्याळजींच्या मनात आशेला पालवी फुटली. आता तर नाराज होतीलच!

बाईंनी चष्मा सावरला. "लागलं का हो?"

"मला नाही लागलं. पण बाई, तुमचे गुलाब गेले. तुम्ही रागवा ना."

"छे, छे. हरकत नाही."

"असं नका हो म्हणू!"

"खरंच हरकत नाही. वाफ्यातून जायचं असेल तरी जा. फक्त सांगून जात जा."

संध्याकाळी वकिलाने कपाळाला हात लावला. "याला कार्योत्तर मंजुरी म्हणतात. काल नुसत्या गल्लीची होती, आज वाफ्याचीही घेऊन आलात!"

"मी कुठे घेतली? त्या देतात! अंगावर येऊन देतात!"

"उद्या मी येतो. एका ओळीचा कागद करून सही घेतो. परवानगी नाही, पण अडवणारही नाही. बस."

"तू?" बायको म्हणाली. "मोठ्या बाईंसमोर? सहावीत त्यांनी नुसतं 'उभा राहा' म्हटलं होतं, तर तू घरी येऊनही उभाच होतास."

"ताई, मी आता वकील आहे."

गुरुवारी सकाळी वकील काळा कोट घालून, फायली कॅरिअरला लावून स्वतःच्या सायकलवर घड्याळजींबरोबर निघाला. गल्लीत शिरेपर्यंत तो कलमं पुटपुटत होता. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. पुटपुटणं थांबलं. वकील खाली उतरला, त्याने कोटाचं वरचं बटण लावलं आणि त्याचा उजवा हात आपोआप वर गेला.

"बाई... जाऊ?"

"किती जण आहात?"

"दोघं, बाई."

"जा. आणि उद्यापासून केस विंचरून येत जा."

"हो, बाई."

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला आल्यावर वकील भानावर आला. "भावोजी," तो खोल आवाजात म्हणाला, "मी आत्ता काय केलं?"

"माझ्या वतीने परवानगी मागितलीत. तुम्ही माझे वकील, म्हणजे ती मला लागूही झाली असणार."

शुक्रवारी सकाळी बायकोने पोळपाट बाजूला सारला. "मला एक सांगा, गल्ली मुळात बाईंची आहे, हे कुणी पाहिलंय का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीच पाहिलं नव्हतं.

"मुद्दा फारच प्राथमिक होता," वकील म्हणाला, "म्हणून नजरेतून सुटला."

मग दोघे नगरपालिकेच्या नकाशा विभागात गेले. कचेरी गावाच्या दुसऱ्या बाजूला होती. वाटेत वकील एकदम थबकला. "भावोजी, वीस वर्षं पूर्ण व्हायच्या दिवशीच तुम्ही गल्लीतून गेला नाहीत! खंड पडला!" घड्याळजींनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की पुढचा रस्ता वकील काही बोलला नाही.

नकाशा विभागाच्या खिडकीसमोर, मांडीवर पर्स घेऊन, मोठ्या बाई बसल्या होत्या.

"बाई, तुम्ही इथे?"

"भाच्याने सांगितलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्याला रोज परवानगी देत जा, नाहीतर वीस वर्षांनी गल्ली त्यांची होते. म्हणून पाटी लावली, बाक टाकलं. पण तुम्ही वाफ्यात शिरलात, तेव्हा वाटलं, आपली हद्द एकदा कागदावर बघून घ्यावी."

"भाचा वकील आहे?" वकिलाने आदराने विचारलं.

"होतोय."

कारकुनाने नकाशा उलगडला. एक कोपरा शाईच्या पॅडखाली दाबला, दुसरा स्वतःच्या डब्याखाली, आणि गल्लीवरून बोट फिरवलं.

"ही ना? ही कुणाचीच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांची. सार्वजनिक वाट, पायी आणि सायकलने. रुंदी दहा फूट. मी जन्मायच्या आधीपासून." बोट मध्येच थांबलं. "या वाटेत बाक कुणी टाकलंय म्हणालात?"

कारकुनाने खणातून एक फॉर्म काढून घड्याळजींपुढे सरकवला. "तक्रार लिहा. पाटी, वाफा, बाक, पंधरा दिवसांत सगळं उचलतो."

बाई पर्सची कडी उघडत होत्या आणि लावत होत्या. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. या चार दिवसांत मात्र अर्ध्या गावाने सायकलवरून उतरून 'जाऊ का?' विचारलं होतं. घड्याळजींनी फॉर्म हातात घेतला, बाईंकडे पाहिलं आणि फॉर्म परत केला.

"पाटी तेवढी काढा. वाफा राहू द्या, बाकही राहू द्या. बाईंनी खुशाल बसावं. माझी परवानगी आहे."

बाई ताठ झाल्या. "परवानगी? मला? चाळीस वर्षांत मी कुणाची परवानगी घेतली नाही!"

"बाई, त्यात एक मेख आहे," आपला उपयोग होतोय या आनंदात वकील म्हणाला. "भावोजी अशी परवानगी देत राहिले, तर बाकावर तुमचा हक्क कधीच बसणार नाही. त्यासाठी वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा आणि विनापरवानगी बसावं लागतं."

"असं होय?" बाईंनी त्याला नीट न्याहाळलं. त्याने केस विंचरले होते. "शाब्बास."

सहावीपासून अडकून पडलेली ती शाब्बासकी अखेर वकिलाला मिळाली. आपण कुणाचे वकील आहोत, हे त्याला कचेरीबाहेर येईपर्यंत आठवलं नाही.

शनिवारी पाटीच्या जागी दोन भोकं उरली होती. घड्याळजी शीळ घालत गल्लीत शिरले. कुणाच्याही परवानगीशिवाय आणि कुणाच्याही मेहेरबानीशिवाय पायडल मारण्यात काही वेगळीच मजा होती. गुडघेसुद्धा ताल धरत होते. बाकावर मोठ्या बाई ताठ बसल्या होत्या. नजर समोरच्या भिंतीवर होती.

घड्याळजींनी घंटी वाजवली. "बसा, बाई! खुशाल बसा!"

उत्तर नाही.

"बाई, माझी परवानगी आहे बरं का!"

भिंतीवरची नजर हलली नाही. घड्याळजी उतरून जवळ गेले. बाईंच्या दोन्ही कानांतून पांढराशुभ्र कापूस डोकावत होता. घड्याळजींनी हाताने 'बसा' अशी खूण केली. बाईंनी शांतपणे डोळे मिटून घेतले.

त्या दिवसापासून घड्याळजींना दुकानात पोचायला आठ मिनिटं लागतात. सात जाण्याची, एक परवानगी देऊन पाहण्याची.

बाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत. वीस वर्षं म्हणजे त्यांच्या मते काही फार नाहीत, आणि त्यातला पहिला दिवस तर उत्तम पार पडला होता.