रद्द झालेल्या मतदारसंघाचे खामकर

खामकरांना कुणी गाव विचारलं, की ते मतदारसंघ सांगतात. थेट लोकसभेचा. आणि तोही आता अस्तित्वात नसलेला.

"ऐन मुंबईच्या मधला," ते चष्मा वर सरकवत म्हणतात. "गिरण्या, बाजार, बंदराची गोदी, सगळं आमच्यात. मग आली पुनर्रचना. एक तुकडा उत्तरेला जोडला, एक दक्षिणेला, आणि मधलं नाव खोडून टाकलं. नोंद घ्या."

आपण मान हलवून पुढे गेलो तर ते थांबवतात. "घेतली का नोंद?"

घणसोली गावात आमचं घर आहे. शेती गेली, घरावर मजले चढले, आणि सर्वांत वरच्या खोलीत सात वर्षांपूर्वी खामकर भाड्याने आले. शाळेत कारकून होते. निवडणुकीची ड्यूटी लागली की बाकीचे दाखला आणायला डॉक्टरकडे धावायचे. खामकर ती मागून घ्यायचे. लग्न केलं नाही. "आचारसंहिता लागू होती," एवढंच म्हणतात.

त्यांना सगळीकडे निवडणूकच दिसते. दिवाळे गावची कमळीमावशी आमच्या दारात मासळीची टोपली उतरवते, तेव्हा हे जिन्यातूनच विचारतात, "मावशी, आज कोण आघाडीवर?"

"बोंबील हाय आघारीवर. घ्याचा हाय का नुसता बघाचा हाय?"

"पहिल्या फेरीचा कल तरी बघू दे!"

"ती फेरी होईस्तवर मांजर निवडून येल," असं म्हणत मावशी त्यांच्या पिशवीत बोंबील घालून मोकळी होते.

तर हे खामकर त्या गेलेल्या मतदारसंघाचा इतिहास लिहीत होते. अकरा जाडजूड वह्या. त्यातले किस्से मला जबरदस्तीने ऐकावे लागत. कात्री चिन्हावर उभा राहिलेला एक शिंपी होता म्हणे. प्रचार करता करता तो मतदारांची मापं घ्यायचा. "डिपॉझिट गेलं बाई, पण लग्नसराईत त्याला मान वर करायला फुरसत नव्हती!" मी शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. एवढ्या वर्षांत मुलांनी माझं ऐकलं, त्याची परतफेड मी खामकरांचं ऐकून करत होते.

परवा त्यांच्या खोलीला रंग लागत होता. त्यांनी वह्या गोणीत भरून खाली जिन्याशी आणून ठेवल्या. शेजारी माझी जुन्या पेपरांची गोणी होती. रद्दीवाला आला, मी आतूनच ओरडले, "ने रे, जिन्यातली!" आणि त्याने दोन्ही नेल्या.

खामकर खाली आले. केसांवर चुन्याची पांढरी भुकटी. रिकाम्या कोपऱ्याकडे बघत ते पायरीवर बसले.

"बाई, मतपेटी गेली," ते हळूच म्हणाले.

मला रडूच आलं. "खामकर, चूक माझी आहे. उठा. रिक्षा बोलावते."

रद्दीवाल्याला फोन लावला. माल पावणे गावातल्या गोदामात उतरवला होता, आणि तिथे कागद दाबून गठ्ठे करायचं मशीन. रिक्षा निघाली. वाटेत तीन प्रचाराचे फलक लागले, खामकरांनी एकाकडेही पाहिलं नाही. मी घाबरले ती तेव्हा.

गोदामाचा मालक सलीमभाई, रायगडकडचा. आमची अवस्था बघून त्याने आधी मशीन बंद करायला लावलं. "काकी, टेन्शन नका घेऊ. सकालचा माल अजून फोडला नाय." स्वतः गोण्या उपसायला लागला. पहिलीत पुठ्ठे. दुसरीत माझे पेपर. तिसरीचं तोंड सोडलं आणि वर निळ्या पुठ्ठ्याची वही दिसली.

"अकराच्या अकरा," खामकर मोजून म्हणाले आणि तिथेच एका गठ्ठ्यावर बसून त्यांनी डोळे पुसले. सलीमभाईने चहा मागवला.

चहा येईपर्यंत सलीमभाईने सहज एक वही मागच्या बाजूने उघडली आणि मोठ्याने वाचलं, "'खोली नऊ. शेवंता कदम. चाळ पाडल्यावर मुलीकडे नालासोपाऱ्याला. मोतीबिंदू काढला. दर बुधवारी फोन करणे.' काका, हा इतिहास हाय?"

मी दुसरी वही घेतली. पुढून निवडणुका, हरलेले, जिंकलेले, मागून माणसं. त्यांच्या मतदान केंद्राच्या जुन्या यादीतली, एकेक नाव घेऊन शोधलेली. हा डोंबिवलीला, तो कळव्याला. "बोलताना दम लागतो." "नातू झाला." काही नावांपुढे फक्त, "अजून सापडले नाहीत."

"यादी एकत्र होती ना बाई तेव्हा," ते म्हणाले. "दाराला दार लागून. तुकडे झाल्यावर कुणीतरी एकत्र ठेवायला नको का?"

शेवटच्या वहीचं शेवटचं पान मी उलटलं. वर लिहिलं होतं, "घणसोली." खाली पहिलंच नाव माझं. "सुमन पाटील. तळमजला. मुलगा पुण्याला. एकटी असते, सांगत नाही. डावा गुडघा दुखतो, दुपारी जिना चढू देऊ नये."

"ते वाचू नका," खामकरांनी वही ओढायला हात पुढे केला. "ती कच्ची यादी आहे. अजून प्रसिद्ध केलेली नाही."

मी वही सोडली नाही. शाळेतल्या आवाजात म्हणाले, "यादीवर हरकत आहे. गुडघा डावा नाही, उजवा."

खामकरांनी खिशातून पेन काढलं, चष्मा पुसला, आणि गोदामात उभ्याउभ्याच दुरुस्ती केली.