दहावा बोळा

"एक थेंब सांडणार नाही," नवरा म्हणाला. "आणि तुझ्या कानावर आवाजसुद्धा पडणार नाही. तू खुशाल झोप."

बायको तेव्हा दारात एक चप्पल काढून, आता दुसरी कशी काढायची याचा विचार करत उभी होती. लागोपाठ दोन रात्री तिनं इस्पितळात ड्यूटी केली होती, आणि आज रात्री आठला तिसरी होती. सकाळचे साडेआठ वाजले होते. मधल्या तासांतून अंघोळ, जेवण आणि सासूबाईंचे प्रश्न वजा केले, तर उरलेल्या वेळात झोपून माणूस जेमतेम माणसात येतो. गल्लीत तिला सगळे सिस्टर म्हणत. सासूबाईसुद्धा सिस्टरच म्हणत, कारण सूनबाई म्हटलं की फक्त चहा मिळतो आणि सिस्टर म्हटलं की रक्तदाबही मोजून मिळतो.

सिस्टरचं काम ऑपरेशन थिएटरमध्ये. सर्जनच्या हातात हत्यारं देणं हे लोकांना दिसतं, पण खरं काम मोजणीचं. पोट उघडायच्या आधी कापसाचे बोळे, जाळीचे तुकडे, सुया, चिमटे सगळं मोजायचं, आणि शिवायच्या आधी पुन्हा मोजायचं. आकडा जुळला नाही तर सर्जन कितीही मोठा असो, टाका पडत नाही. अकरा वर्षांत तिचा आकडा एकदाही चुकला नव्हता. तिला झोप हवी होती ती त्या आकड्यासाठी. झोपेची हौस तिची केव्हाच फिटली होती.

नवऱ्याचा बेत होता मोटरसायकलचं ऑइल आणि ऑइल फिल्टर स्वतः बदलायचा. तोही कुठे, तर ओट्यासमोरच्या पांढऱ्या फरशीवर, जी सिस्टरनं कामगारांच्या डोक्यावर उभं राहून बसवून घेतली होती. नाक्यावरच्या मेकॅनिककडे तो आता जायला तयार नव्हता. मेकॅनिकनं मागच्या वेळी फिल्टरचं झाकण नीट आवळलं नव्हतं, असं त्याचं म्हणणं. आपला हात जगन्नाथ, असंही त्याचं म्हणणं. नवरा एका कचेरीच्या रेकॉर्ड विभागात गेली एकोणीस वर्षं जुन्या फायली नंबरवार लावत होता, त्यामुळे कोणतंही काम कागदावर उतरलं की ते निम्मं झालं अशी त्याची श्रद्धा होती. या कामाचा कागद त्यानं रात्रीच तयार करून भिंतीला चिकटवला होता. त्यात सतरा कलमं होती. सतरावं कलम होतं 'हात धुणे'.

वाद घालायलाही थोडी झोप झालेली असावी लागते. सिस्टरनं औषधांच्या पेटीतलं नवं पाकीट फोडून कापसाचा एक बोळा काढला, उजव्या कानात घातला आणि डाव्या कुशीवर आडवी झाली. डावा कान उशीत जात असल्यामुळे त्याला बोळ्याची गरज नव्हती. दोन रात्रींच्या जागरणानंतर माणूस एवढीच काटकसर करू शकतो.

तिचा डोळा लागतो न लागतो तोच खिडकीखाली मोटरसायकल सुरू झाली.

हे कलम दुसरं. ऑइल काढण्याआधी इंजिन पाच मिनिटं चालवून गरम करावं, म्हणजे ऑइल पातळ होऊन पुरतं निथळतं. नवऱ्यानं बायकोच्या झोपेचा विचार करून ॲक्सिलरेटर अगदी हळुवार पिळला होता. त्यामुळे गाडी दर अर्ध्या मिनिटानं बंद पडत होती आणि तो ती पुन्हा किक मारून चालू करत होता. हे ऐकून सासूबाई बाहेर आल्या आणि सून झोपली आहे, हे त्यांनी मुलाला सांगितलं. मुलाला ऐकू जाईना म्हणून जरा मोठ्यानं सांगितलं. गाडी नेमकी त्याच वेळी बंद पडली, आणि सून झोपली आहे ही बातमी गल्लीच्या टोकापर्यंत पोहोचली.

ती ऐकून शेजारचे ड्रिलमास्तर आले. हे निवृत्त झाले तेव्हा शाळेनं त्यांना शाल दिली होती आणि शिट्टी परत मागून घेतली होती. चाळीस वर्षं मैदानावर ओरडून त्यांचा गळा असा तयार झाला होता की कुजबुजले तरी समोरचा सावधानमध्ये उभा राही. ते कुंपणाच्या भिंतीपलीकडून कुजबुजत विचारू लागले, खालचा बोल्ट कुठल्या बाजूला फिरवायचा ते माहीत आहे ना? नवऱ्याला माहीत होतं. मास्तरांनी ते तपासून घेतलं. मग दोघांचं त्यावर एकमत होईना.

पुढच्या दोन तासांत सिस्टरला एकूण पाच वेळा उठवण्यात आलं, आणि दर वेळी "झोप, झोप, उठू नकोस" असं म्हणूनच. पहिल्यांदा, जुना पत्र्याचा ट्रे कुठे आहे एवढंच विचारायला. मग ड्यूटीवरचे रबरी हातमोजे. मग तेच, कारण पहिल्या जोडीत दोन्ही डावे निघाले होते. चौथ्यांदा सासूबाई आल्या त्या, बाहेर मी कुणालाही आवाज करू देत नाहीये, तू निश्चिंत राहा, हे सांगायला. पाचव्यांदा कुणीच आलं नाही. बराच वेळ सगळं शांत होतं, आणि आता काय झालं असेल या काळजीनं ती आपणहून दचकून जागी झाली.

झालं काहीच नव्हतं. उलट सगळं फार सुरेख चाललं होतं. फरशीवर वर्तमानपत्रांचे चार थर, त्यावर ट्रे, ट्रेमध्ये बारीक धारेनं उतरलेलं काळंभोर ऑइल. काढलेला प्रत्येक बोल्ट कागदी पेल्यात, पेल्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक. फिल्टरच्या झाकणाच्या कडेनं थेंब ओघळू लागले तेव्हा नवऱ्यानं पेटीतलं कापसाचं पाकीट आणलं आणि एकेक थेंब बोळ्यानं टिपून घेतला. जुना फिल्टर निघाला, नवा बसला, झाकण लागलं, नवं ऑइल भरलं गेलं. फरशीवर खरोखर एक थेंबही नव्हता. मास्तर भिंतीपलीकडून पाहत राहिले. सासूबाईंना भरून आलं.

असं काम हातून झाल्यावर माणसाला गप्प बसवत नाही. साडेबाराच्या सुमाराला नवरा आत आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "फक्त बघ आणि झोप."

सिस्टर विस्कटलेल्या केसांनी बाहेर आली. तिनं गाडी पाहिली, फरशी पाहिली, छान झालंय असं म्हटलं. आणि ती वळणार एवढ्यात तिची नजर वापरलेल्या बोळ्यांच्या ढिगाकडे गेली. बघायचं म्हणून तिनं बघितलं नव्हतं. अकरा वर्षांची सवय, डोळ्यांनी आपोआप मोजलं. ढिगात पाच. शेजारच्या पाकिटात चार.

ही पाकिटं दहाची येतात.

"दहावा कुठेय?" तिनं विचारलं.

"कोण दहावा?"

"बोळा. किती वापरले तुम्ही?"

नवऱ्यानं आठवून पाहिलं. चार-पाच थेंबांना लागले असतील. शिवाय आत मधोमध एक भोक होतं, त्यातून फार गळत होतं, तर तिथे एक खुपसून ठेवला होता. अर्थात नवा फिल्टर बसवायच्या आधी तो काढला. बहुतेक.

थिएटरमध्ये ज्या शब्दाला मज्जाव आहे तो हाच. सिस्टरचे डोळे उघडले, म्हणजे सकाळपासून पहिल्यांदाच पुरते उघडले. त्या भोकातून इंजिनला ऑइल जातं एवढं तिला कळत होतं, आणि वाटेत बोळा बसला तर काय होतं हे तिला नवऱ्यापेक्षा चांगलं कळत होतं, फरक फक्त गाडी आणि माणूस एवढाच. याच गाडीवरून तिला संध्याकाळी जायचं होतं.

"उघडा," ती म्हणाली.

नवऱ्यानं सांगून पाहिलं की आत नवं ऑइल भरलंय, आता उघडलं तर सांडेल. मास्तरही म्हणाले की आता उघडणं बरं नव्हे. तिनं कुणाकडे पाहिलं नाही. मोठमोठे सर्जन ज्या आवाजापुढे सुई खाली ठेवतात त्या आवाजात ती पुन्हा म्हणाली, "आकडा जुळत नाही. उघडा."

उघडलं. दुसऱ्या वेळी चिठ्ठ्यांना आणि पेल्यांना वेळ नव्हता. तिसरा बोल्ट सुटताच झाकण निसटलं आणि मधासारखं नवं ऑइल नवऱ्याच्या मांडीवर आलं. तो झटक्यानं मागे सरकला. जुन्या ऑइलचा ट्रे त्यानं कुणाचा धक्का लागू नये म्हणून अगदी सुरक्षित जागी, स्वतःच्या पाठीमागे ठेवला होता. त्याचा पाय त्यात पडला. ट्रे उलटला नाही, घसरला. नवऱ्याला घेऊन गल्लीत उतरणाऱ्या पायरीपर्यंत गेला आणि तिथे रिकामा झाला. लिटरभर काळं ऑइल त्या पांढऱ्या फरशीवर सावकाश पसरलं, मग पायरीवरून उतरलं. सासूबाई ओरडत होत्या, "अरे हळू, ती झोपलीये." ती त्यांच्या शेजारीच उभी होती.

सिस्टरनं फिल्टर काढला. आत बोट घातलं. भोक मोकळं होतं. झाकणात नाही, फिल्टरमध्ये नाही, ट्रेमध्ये नाही. तिनं ढीग पुन्हा मोजला, पाकीट पुन्हा मोजलं. नऊ. दहावा बोळा इंजिनच्या पोटात आणखी खोल गेला असणार, आता पूर्ण इंजिन उतरवावं लागेल, असं मास्तरांनी जाहीर केलं. नवरा फरशीवर बसूनच होता. उठायला गेला की घसरत होता.

सिस्टरनं वाकून काम करायचं म्हणून केस वर बांधले.

सासूबाईंनी चष्मा वर केला, खाली केला. "अगं, तुझ्या कानात काय आहे ते?"

सगळे तिच्या उजव्या कानाकडे बघत राहिले. तिनं हात नेला. बोळा काढला. पांढराशुभ्र होता. सगळ्या अंगणात तेवढी एकच गोष्ट स्वच्छ उरली होती.

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. मास्तर भिंतीखाली बसले आणि दिसेनासे झाले. नवऱ्यालाही ओरडण्याची आयती संधी चालून आली होती, लग्नाला चौदा वर्षं झाली तरी अशी संधी त्याला क्वचितच मिळे, पण तिचा चेहरा बघून त्यानं ती सोडून दिली. ती ओट्यावर बसली होती आणि तळहातावरच्या बोळ्याकडे बघत होती.

"मी चुकले," ती म्हणाली. "स्वतः काढलेला बोळा मी मोजलाच नाही."

"असू दे गं. झोप नाही तुझी. माझ्यामुळेच नाही." तो बसल्या बसल्याच जवळ सरकला, एवढ्यापुरता निसरड्या फरशीचा उपयोग झाला. "मागच्या वेळी ही गाडी बंद पडली आणि तू ड्यूटीच्या कपड्यांत ती ढकलत आलीस. एवढा लांबचा रस्ता. ते माझ्या डोक्यातून जातच नाही. म्हणून म्हटलं, या वेळी माझ्या हातानं करू."

तिला हे माहीत नव्हतं. तिला त्याचा राग आला होता आणि तो अजून गेलाही नव्हता, पण त्याच्या शेजारी मायाही येऊन बसली, आणि दोन्ही सांभाळायला अंगात त्राण नव्हतं. ती उठून आत गेली.

आत जाऊन तिनं मेट्रनना फोन लावला. आज मला थिएटरला लावू नका, म्हणाली. अकरा वर्षांत तिनं असं कधी म्हटलं नव्हतं. मेट्रननी विचारलं, ताप आहे का? घरी कुणी आजारी?

"नाही. माझा आकडा चुकला. घरीच चुकला, पण चुकला."

मेट्रन स्वतः तीस वर्षं आकडे मोजून त्या खुर्चीवर बसल्या होत्या. बदली लावते, उद्या सकाळपर्यंत उठू नकोस, एवढंच म्हणाल्या.

सिस्टरनं सासूबाईंना सांगितलं, आज ड्यूटी नाही, आता मला कुणी म्हणजे कुणीच उठवायचं नाही. सासूबाईंनी शब्द दिला. खोलीच्या दारात आडवी खुर्ची टाकली आणि काठी मांडीवर घेऊन पहाऱ्याला बसल्या. सिस्टर आडवी झाली. या वेळी बोळा घातला नाही. डोकं टेकलं आणि ती दगडासारखी झोपली.

बाहेर नवरा फरशीवर लाकडाचा भुसा टाकत होता. मग तो भुसा गोळा करत होता. मग सोडा, मग साबण, मग पुन्हा भुसा. मास्तर भिंत ओलांडून आले आणि न कुजबुजता, मुकाट्यानं घासू लागले. पाच वाजता फरशी करड्या रंगावर आली आणि तिथेच थांबली. सहा वाजता फिल्टर पुन्हा बसला, झाकण आवळलं गेलं, नव्या बाटलीतलं ऑइल भरलं गेलं. नवऱ्यानं गाडी सुरू करून पाहिली. एका किकमध्ये सुरू झाली आणि अशी चालली की ती चालू आहे हे हात लावून बघावं लागलं. झाकणाच्या कडेनं एक थेंब नव्हता. त्याला दुपारपासून पहिल्यांदा बरं वाटलं. त्यानं सतरावं कलम पूर्ण केलं, दोनदा, आणि घड्याळ पाहिलं. सात वाजले होते.

तो आत आला. दारातल्या खुर्चीत सासूबाई मान टाकून गाढ झोपल्या होत्या. बिचारी दिवसभर दमली आहे, निदान आईची तरी झोप मोडू नये, म्हणून त्यानं चपला हातात घेतल्या, श्वास रोखला आणि काठीला धक्का न लावता तिला ओलांडून तो पलंगापाशी पोहोचला.

"अगं," तो बायकोचा खांदा हलवत हळूच म्हणाला, "ऊठ. ड्यूटीची वेळ झाली. गाडी तयार आहे."