नेजमीच्या मेहान्यातली मेंदी

"दगडाला नाचवीन मी, दगडाला!" नेजमी छाती ठोकून म्हणाला.

"त्याआधी कोळंबी सोलून दे," शादिये, म्हणजे त्याची बायको, मान वर न करता म्हणाली.

कादिकोयच्या मासळीबाजारामागच्या गल्लीत नेजमीचं मेहाने होतं. दहा-बारा टेबलं, राकी नावाची तुर्की दारू, मासे आणि गाणं. गाणं म्हणजे पेरिहान आब्लाचं, अख्ख्या गल्लीच्या ताईचं! वय साठीच्या पुढे, अंगात टिकल्यांचा लालभडक झगा, आणि आवाज असा की समोरच्या धक्क्यावरची बोट निघायची थांबावी.

त्या दिवशी नेजमीचे पाय जमिनीवर नव्हते. तुलाय नावाची गाईड परदेशी प्रवाशांचा एक गट घेऊन येणार होती. "नॉर्वेची माणसं आहेत, नेजमी आबी," ती फोनवर म्हणाली होती; आबी म्हणजे दादा. "हसत नाहीत, टाळ्या वाजवत नाहीत. यांना तू खूश केलंस, तर हंगामभर दर गुरुवारी माझा गट तुझ्याकडे. नाहीतर समोरच्या मेहान्यात."

समोरच्या मेहान्यात! नेजमीला तिथे कुत्रं गेलेलंही सहन होत नसे.

एवढ्यात वरच्या मजल्यावरच्या बेदिया हानिम जिना उतरून दारात उभ्या राहिल्या. या बाईंनी नेजमीच्या क्लॅरिनेटविरुद्ध नगरपालिकेत इतक्या तक्रारी केल्या होत्या, की तिथला कारकून आता त्यांना चहा पाजत असे.

"नेजमी! आज गच्चीवर माझ्या गोंजाची मेंदी आहे. सासरची माणसं थेट हॉलंडहून येतायत. तुझी ती पिपाणी आज बंद ठेव!"

"पिपाणी? ती क्लॅरिनेट आहे! आणि माझ्याकडेही आज परदेशी पाहुणे आहेत!"

"तुझ्याकडे? रस्ता चुकले असतील बिचारे!" असं म्हणून बेदिया हानिम ठणठण जिना चढून गेल्या.

संध्याकाळी तुलायचा फोन आला. "आबी, आमची बस धक्क्यापाशी अडकलीय. माणसांना पुढे चालत पाठवते. दारात उभा राहा आणि आत घे."

नेजमी मिशांना पीळ देऊन दारात उभा राहिला. पाचच मिनिटांत गल्लीच्या तोंडाशी डझनभर गोरी मंडळी दिसली. सगळ्यात पुढे एक उंच बाई, डोळे बारीक करून पाट्या वाचत होती. नेजमीला पाहताच तिने मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, "गोंजा? इथे गोंजा?"

नेजमीला आनंदाने भरून आलं. गोंजा म्हणजे गुलाबाची कळी! आमच्या निम्म्या गाण्यांत ती असते. नॉर्वेच्या बाईला आमची गाणी ठाऊक!

"गोंजा! हो, हो! गोंजा इथेच! या, बसा!" त्याने सगळ्यांना हाताला धरून आत नेलं आणि आरोळी ठोकली, "पेरिहान आब्ला! गोंजा हवीय यांना! ये बाहेर!"

पडदा सरकला. टिकल्या चमकल्या. पेरिहान आब्ला दोन्ही हात पसरून अवतरली.

मंडळी गार! उंच बाई तर पांढरीफटक पडली. तिने समोरचा राकीचा पेला उचलला आणि पाणी न घालता घटाघटा रिकामा केला.

"बघ!" नेजमी शादियेच्या कानाशी लागला. "पहिल्या सुरालाच घायाळ!"

"अजून तिने सूर लावला कुठे?" शादिये म्हणाली.

पेरिहानने कळीचं गाणं घेतलं. विरहाची ओळ आली की ती उजवी मूठ आवळून छातीशी धरत असे, तशी तिने धरली. त्याबरोबर उंच बाई उठली. तिने डोळे पुसले, मोठा श्वास घेतला, तडक पुढे जाऊन पेरिहानची मूठ सोडवली आणि आत सोन्याचं नाणं ठेवलं! मग तिचं कपाळ चुंबून तिला घट्ट मिठी मारली. बाकीची मंडळीही उठली. कुणी बांगडी चढवली, कुणी झग्याला सोनं टाचलं, आणि सगळे धाय मोकलून रडायला लागले.

"हसत नाहीत म्हणे!" नेजमी आनंदाने थुईथुई नाचत होता. "बक्षिसी बघ, बक्षिसी!"

"अरे, बक्षीस म्हणून कुणी बांगड्या चढवतं का?" शादियेने हातातली सुरी खाली ठेवली. "मूठ उघडून नाणं कोण ठेवतं? मेंदीच्या दिवशी सासू ठेवते! सुनेच्या हातात!"

तेवढ्यात पेरिहान बांगड्या खणखणवत धावत आली. "नेजमी, ही बाई मला 'लेकी, लेकी' म्हणतेय! अरे, माझ्याहून लहान आहे ती!"

नेजमीने काही बोलायला तोंड उघडलं, तर दारातून तुलाय आत आली. तिने सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली.

"आबी, माझी माणसं कुठायत?"

"ही काय!"

"ही माझी नाहीत."

नेजमीच्या मिशा सुकल्या पालेभाजीसारख्या खाली आल्या. नेमक्या त्याच वेळी वरच्या गच्चीतून ढोलाचा दणका आणि बेदिया हानिमची किंकाळी ऐकू आली.

सगळे जिन्याने वर धावले. गच्चीवर लाल कंदील लागले होते आणि दारात कुणी दिसेना म्हणून सरळ जिना चढून आलेली नॉर्वेची मंडळी खुर्च्यांवर ओळीने बसली होती. प्रत्येकाच्या दोन्ही तळव्यांवर मेंदी थापलेली, हात भीक मागितल्यासारखे पुढे धरलेले, आणि एका टकल्या आजोबांच्या डोक्यावर करवलीची लाल ओढणी! मधोमध गोंजा मूठ आवळून बसलेली. तिच्या मुठीतून काहीतरी तपकिरी ठिबकत होतं.

"चॉकलेट!" बेदिया हानिम थरथरत होत्या. "मूठ उघडायला विहीणबाईंनी माझ्या पोरीच्या हातात सोनेरी कागदातलं चॉकलेट ठेवलं! एवढ्या दुरून येऊन चॉकलेट! मोडते मी हे लग्न! आत्ता मोडते!"

"आई, थांब ना गं," गोंजा रडकुंडीला आली होती. मेंदीच्या दिवशी नवरीने रडायचंच असतं, पण हे रडणं वेगळं होतं.

आता मात्र नेजमी हादरला. गट गेला तर गेला, पण गोंजा त्याच्या डोळ्यांसमोर लहानाची मोठी झाली होती. तो हात जोडून पुढे झाला. "बेदिया हानिम, ती तुमची विहीण नाही. ती माझी गिऱ्हाईक आहे. तुमची विहीण खाली माझी राकी पितेय... नाही, ही काय, मागे उभी आहे!"

"माझी विहीण? तुझ्या मेहान्यात?" बेदिया हानिमनी चप्पल काढायला पाय उचलला.

सुदैवाने त्याच क्षणी नवरदेव मार्टेन हातात एक बॅग घेऊन गच्चीवर आला. विमानतळावर हरवलेली आईची बॅग आणायला तो गेला होता. त्याच्या आईने, म्हणजे त्या उंच बाईने, बॅगेतून आधी चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला. पेरिहानकडे पाहिलं. गोंजाकडे पाहिलं. पुन्हा पेरिहानकडे पाहिलं. आणि खुर्चीत बसून जी हसत सुटली, ती थांबेचना!

"काय झालं, आई?"

"अरे, तूच म्हणाला होतास ना, 'ती माझ्यापेक्षा थोडी मोठी आहे' म्हणून!"

"सहा महिन्यांनी गं!"

"आणि तो फोटो? आम्हाला वाटलं, तिच्या तरुणपणचा असेल!"

मार्टेनने हे भाषांतर करून सांगितलं आणि गच्चीवर हास्याचा स्फोट झाला. पेरिहान आब्लाने मोठ्या जड अंतःकरणाने एकेक बांगडी उतरवली. "एवढी प्रेमळ सासू मिळाली होती," ती उसासा टाकून म्हणाली, "तीही उसनी!" विहीणबाईंनी गोंजाची चिकट मूठ उघडली, चॉकलेट स्वतः चाटून टाकलं आणि तिथे सोन्याचं नाणं ठेवलं. बेदिया हानिम विहीणबाईंच्या गळ्यात पडल्या. मग डोळे पुसत वळल्या आणि नेजमीवर खेकसल्या, "बघत काय उभा राहिलास? ती पिपाणी आण की वर!"

क्लॅरिनेट वर आली. मासे वर आले. राकीही आली. हातात हात गुंफून हालाय सुरू झाला, आणि ती नाचणाऱ्यांची रांग गच्चीवर मावेना, तेव्हा जिन्याने उतरून गल्लीभर फिरली. ओढणीवाले टकले आजोबा सगळ्यांत पुढे रुमाल फिरवत होते. समोरच्या मेहान्यातली गिऱ्हाइकंसुद्धा जेवण टाकून रांगेत शिरली.

निघताना तुलाय म्हणाली, "आबी, माझी माणसं वेडी झालीयत! दर गुरुवारी गट आणते. पण एक अट आहे. मेंदी पाहिजे!"

"मला एकच मुलगी होती," बेदिया हानिम म्हणाल्या, "ती मी दिली!" पेरिहानने तर ऐकताक्षणी कानांवर हात ठेवले.

शेवटी नवरी व्हायला शादियेच तयार झाली. हल्ली दर गुरुवारी ती लाल ओढणी डोक्यावरून घेऊन खुर्चीत बसते. शेजारी नवरदेव म्हणून मिशा काळ्या केलेला नेजमी. गाणं सुरू झालं, की शादियेच्या डोळ्यांतून अशा धारा लागतात, की पाहुणेही रुमाल काढतात.

परवा नेजमीने न राहवून विचारलं, "शादिये, खरं सांग, इतकं मनापासून रडायला तुला जमतं तरी कसं?"

"त्यात काय एवढं?" ओढणीची घडी करत शादिये म्हणाली. "गाणं सुरू झालं, की मी ओढणीच्या फटीतून हळूच नवरदेवाकडे बघते."